बोटीपुढे उभा मुलगा

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. कपबश्या मिरवणारा ट्रे नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही बिस्किटं कुठे आहेत म्हणून विचाराल! मी लोखंडी पत्र्याचा आहे आणि माझ्या अंगावर पांढऱ्या इनॅमलचा मुलामा आहे. होता म्हणा. आता कडेचे टवके उडाले आहेत, तळाला तपकिरी डाग धरले आहेत आणि एका कोपऱ्यात गंजाने कायमचं बिऱ्हाड केलं आहे. वयच झालं माझं. पण माझ्या पोटात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. ते पाहणारे आम्ही दोघंच होतो आणि त्यातलं दुसरं माणूस जन्मात तोंड उघडणार नाही.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून तावूनसुलाखून निघालो तेव्हा मी असा चकचकीत होतो की, पाहणाऱ्याला आपलं तोंड माझ्यात दिसावं. माझी नेमणूक झाली ती थेट एका मालवाहू बोटीवर, आजारी खलाशांच्या खोलीत. माझ्यात सुया, कापूस, कात्री आणि बँडेजं ठेवत. रोज मला उकळत्या पाण्याने धुवत. स्वयंपाकघरातल्या थाळ्या माझ्याकडे बघून जळत असत आणि मीही त्यांना फारसा भाव देत नसे. नवी नोकरी, नवा तोरा!

त्या बोटीवर दिलीप नावाचा इंजिनियर होता. मूळचा पुण्याचा, पण बिऱ्हाड सिंगापूरला बेडोकमध्ये. तिथे त्याची बायको विनीता, दहा वर्षांचा मुलगा क्षितिज आणि कडेवरची मुलगी जाई. दिलीप वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर असे. बोटीच्या इंजिनावर त्याचा जीव होता. दूरवरून आवाज ऐकून तो सांगे की, कुठला पंप कुरकुरतोय. विनीता म्हणायची, "बोट कसली ती, सवत आहे माझी!" दिलीप यावर नुसता हसायचा. हसण्यावारी नेण्यासारखंच ते होतं तेव्हा.

एकदा सिंगापूरच्याच सेम्बावांगच्या गोदीत आमची बोट दुरुस्तीला आली. तिला नवा पांढरा रंग लागला, गंज खरवडून काढला, दोरखंडं बदलली. ती निघणार त्या दिवशी दिलीप बायकोमुलांना किनाऱ्यावर घेऊन आला. समोर पाण्यात बोट उभी, तिच्यावर लख्ख ऊन पडलेलं. इकडे किनाऱ्यावर एका मोठ्या झाडाची दाट सावली. दिलीपने क्षितिजला त्या सावलीत उभं केलं, मागे बोट येईल असं, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. हौशी फोटोग्राफर होता तो. उजेडाचं सगळं गणित त्याने बोटीवरून बसवलं, कारण बोट नव्या नवरीसारखी दिसत होती. पुढे सावलीत उभ्या असलेल्या पोराचं काय होईल, हे गडबडीत त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी तेव्हा बोटीच्या पोटात होतो, त्यामुळे हे मला सगळं मागाहून ऐकून कळलं. त्या सकाळी बापलेकांची खडाजंगी झाली होती. पुढच्याच आठवड्यात क्षितिजच्या शाळेचा स्पोर्ट्स डे होता आणि तो धावण्याच्या शर्यतीत होता. "तुम्ही कधीच येत नाही," असं तो म्हणाला होता. "पुढच्या वेळी नक्की," असं दिलीप म्हणाला होता. मग फोटो काढून झाला, दिलीप लाँचमध्ये बसला आणि बोटीवर आला.

ती पुढची वेळ आलीच नाही. महिना झाला असेल नसेल, आम्ही भर समुद्रात होतो. आजूबाजूला पाण्याशिवाय काही नव्हतं. सिंगापूरहून निरोप आला की, क्षितिजला डेंगी झाला आणि तो गेला. कॅप्टनने दिलीपला जवळ बसवून सांगितलं. दिलीप इंजिनरूममध्ये परत जायला निघाला आणि जिन्यातच कोसळला. त्याला आमच्या खोलीत आणलं. सेकंड ऑफिसरने माझ्यातली सुई उचलून त्याच्या दंडात टोचली. बंदराला लागून, विमान धरून तो घरी पोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

मित्रांनो, त्यानंतरही तो त्याच बोटीवर परत आला. दुसरं करणार काय? पण कॅमेऱ्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. फिल्म आतच राहिली. पुढे बोट म्हातारी झाली, भंगारात निघाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी काही ना काही आठवण म्हणून नेलं. कुणी घड्याळ नेलं, कुणी पितळी घंटा. दिलीपने मला उचललं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मला मात्र त्या दिवशीची सुई आठवली.

त्याने गोदीत नोकरी धरली आणि बिऱ्हाड सेम्बावांगला हलवलं. इथल्या नव्या फ्लॅटांमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक बिनखिडकीची खोली असते. बॉम्ब पडलाच तर लपायला म्हणून. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिच्यात तांदळाची पोती, सुटकेसी आणि गणपतीचं मखर ठेवतात. मलाही विनीताने तिथेच टाकलं. वर्षानुवर्षं मी अंधारात पडून होतो. माझ्यात कांदेबटाटे ठेवले, जुन्या चपला ठेवल्या. एकेकाळी उकळत्या पाण्याने न्हाणारा मी, माझ्यात चपला! पण बोलायची सोय नाही.

दिलीप निवृत्त झाला आणि त्याच सुमाराला त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर त्याने कपाटातून तो कॅमेरा काढला. इतकी वर्षं आत पडून राहिलेली फिल्म कितपत वाचली असेल, देव जाणे. बेडोकला लिम नावाच्या म्हाताऱ्या चिनी गृहस्थाचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. लिमने ती फिल्म धुऊन दिली. त्यात एकच चित्र धड निघालं, ते किनाऱ्यावरचं. बोट खणखणीत आली होती. तिच्यापुढे मुलगा होता, पण चेहरा म्हणजे नुसती सावली.

दिलीपला तो चेहरा बघायचा होता. एवढीच त्याची इच्छा. क्षितिज त्या क्षणी हसत होता की रुसलेला होता? त्याला आठवत नव्हतं, कारण तो बोटीकडे बघत होता.

"अहो, हसत होता तो," विनीता म्हणायची. "तुम्ही 'हस पाहू' म्हणालात आणि हसला. किती वेळा सांगू?"

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"बरं, नका ठेवू विश्वास," असं म्हणून ती स्वयंपाकघरात जायची.

जाई आता मोठी झाली होती, बिशानला राहायची आणि कंप्युटरमध्ये काम करायची. तिने निगेटिव्ह स्कॅन करून नेलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर चेहरा घेऊन आली. उजळ, स्वच्छ, दात दाखवून हसणारा. दिलीपने फोन डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"हा कोण?"

"बाबा, दादाच आहे. ए-आयने एन्हान्स केलाय."

"क्षितिजचा पुढचा दात तेव्हा पडलेला होता," दिलीप म्हणाला. "याची बत्तिशी शाबूत आहे. कुणाचं पोर हे?"

जाई ओशाळली. ओशाळली की तिच्या बोलण्यात सिंगापुरी 'लाह' यायचं. "बाबा, डेटाच नाहीये शॅडोमध्ये. लीव्ह इट लाह. आई म्हणते ना हसत होता, मग?"

पण दिलीप हट्टाला पेटला होता. लिमनेच त्याला लिथची वाट दाखवली. आता हे लिथ काय, ते तुम्हाला सांगतो, कारण इथूनच माझी दुसरी नोकरी सुरू होते. साध्या पद्धतीत फोटोचा कागद औषधात टाकला की थोड्याच वेळात चित्र उमटतं. लिथच्या डेव्हलपरमध्ये तसं नाही. औषध अगदी पातळ करतात आणि कागद त्यात बुडवून ट्रे हलवत बसतात. बराच वेळ काही म्हणजे काही होत नाही. मग कुठेतरी पहिला काळा ठिपका धरतो. काळा काळ्याला बोलावतो. तो आधी हळूहळू पसरतो, मग धावत सुटतो. बरोबर त्या वेळी कागद बाहेर काढायचा. क्षणभर उशीर झाला की, सगळं काळं ठिक्कर. पण याच खोडीचा फायदा असा की, सावलीतला इवलासा फरकही लिथ मोठा करून दाखवतं. भुवई गालापेक्षा जराशी गडद असली तर भुवई आधी उमटते.

लिमने दुकान बंद करताना उरलेल्या जुन्या कागदांची खोकी दिलीपला देऊन टाकली. नव्या कागदांवर लिथ धड चालत नाही आणि जुने कागद आता कुठे बनत नाहीत. सोबत एक बाटली दिली, वापरून तपकिरी झालेल्या औषधाची. प्रत्येक वेळी ताज्या औषधात यातलं थोडं घालायचं आणि शेवटी पुन्हा थोडं काढून ठेवायचं. "डोन्ट थ्रो, हां," लिम म्हणाला. "अँड व्हेन द ब्लॅक कम, डोन्ट वेट लाह. यू वेट, गॉन ऑलरेडी."

विनीताला बाटलीचं कोडं लगेच उलगडलं. "म्हणजे विरजणच की!" ती म्हणाली. पण तिने ती बाटली आपल्या दह्याच्या भांड्यापासून चार हात लांब ठेवायला लावली.

चपला काढल्या, मला घासलं आणि त्या पोलादी दाराच्या खोलीत टेबलावर मांडलं. शेजारी प्लास्टिकचे दोन ट्रे, वर निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारा एन्लार्जर, भिंतीवर लाल दिवा. काय सांगू मित्रांनो, कुणीतरी पुन्हा मला कामाला जुंपलं याचा मला केवढा आनंद झाला! आतला उकाडा विचारू नका. दिलीप बनियनवर घामाघूम उभा राहून माझी एक कड उचलायचा, खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. बोट डोलते तसा मी डोलायचो.

तऱ्हेतऱ्हेचे कागद माझ्या पोटातून गेले. एका खोक्यातल्या कागदावर सुंदर गुलाबी झाक आली. एकावर मिरपूड उधळल्यासारखे ठिपके पडले. एक कागद इतका जुना होता की, तो नुसताच करडा पडला. औषध गरम करून पाहिलं, थंड करून पाहिलं, पातळ केलं, दाट केलं. विरजण कमीजास्त केलं. कशानेही चेहरा येईना.

खरं कारण मला पहिल्या काही दिवसांतच कळलं होतं. सावलीतला मुलगा आधी उमटायचा आणि उन्हातली बोट फार उशिरा. चेहरा हवा असेल तर बोट यायच्या आधीच कागद उचलायला हवा होता. पण दिलीपचा हात उठत नसे. तो जन्माचा इंजिनियर. अर्धवट काम सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. मागची बोट कोरी असताना चित्र पुरं झालं असं त्याला वाटतच नसे. शिवाय तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काम करायचा. इंजिनरूममध्ये घड्याळ चालतं हो, पण लिथ घड्याळाला जुमानत नाही, दर कागदागणिक औषध थकत जातं. त्यात लाल उजेडात त्याला धड दिसायचं नाही. त्याला काळं दिसेपर्यंत काळं होऊन गेलेलं असायचं. दर वेळी बोट झकास यायची. तिच्या शिड्या, दोरखंडं, नाव, सगळं. आणि तिच्यापुढे मुलाच्या आकाराचं भोक.

विनीता ते कागद दोरीवर वाळत घातलेले बघायची आणि एकदा तिचा बांध फुटला.

"अहो, बोट जाऊ द्या ना! तेव्हाही तुम्हाला तीच दिसली आणि आताही तीच!"

दिलीपने खोक्यात हात घातला. शेवटचा कागद उरला होता.

"तू ये आत," तो म्हणाला. "तुझे डोळे चांगले आहेत. चेहरा दिसला की सांग, मी काढतो. या वेळी बोट नको मला."

"मला नका ओढू त्यात."

"विनीता, मला आता फार दिवस दिसणार नाही गं. एकदाच ये."

ती पदराला हात पुसत उभी राहिली. घाबरली होती ती, हे मला दिसत होतं, दिलीपला दिसत नव्हतं. मग ती आत आली आणि त्याने पोलादी दार लावलं.

कागदावर उजेड पडला. कागद माझ्यात आला. दिलीप माझी कड उचलू-ठेवू लागला. विनीता माझ्यावर ओणवी झाली, इतकी की तिचा श्वास मला लागत होता. बराच वेळ काहीच नाही.

"फोडणीसारखं आहे हे," दिलीप म्हणाला. "तुला कळेल. लसूण लाल व्हायच्या आत काढायची."

"हूं."

आणि मग आला, मित्रांनो. आधी केस. मग दोन भुवया, वर चढलेल्या. मग डोळे. माझ्या तळाशी, माझ्या डागांच्या वर, दहा वर्षांचं पोर उगवत होतं. तीस वर्षं कुणी न पाहिलेलं तोंड. नाक आलं. मग ओठ आले. खालचा ओठ पुढे काढलेला, थरथरताना पकडला गेलेला. गालांवर ओल्या रेघा. हुंदका देण्यासाठी तोंड उघडलेलं, पुढच्या दाताच्या जागी खिंड. ते पोर बोटीकडे बघत नव्हतं, आईकडे बघत नव्हतं. ते सरळ बापाकडे बघत होतं आणि हमसून हमसून रडत होतं.

विनीताची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळली गेली.

"दिसतंय का काही?" दिलीपने विचारलं.

ती आणखी खाली वाकली.

"अगं, दिसतंय का?"

"नाही अजून."

मी ओरडलो असतो, मित्रांनो. दिसतंय म्हणून ओरडलो असतो. याच क्षणासाठी त्याने घाम गाळला होता, उरलीसुरली नजर गाळली होती. पण ट्रेला कुठला आवाज? भुवयांतला काळा खाली उतरू लागला. डोळे गेले.

"अजून?"

"थांबा," विनीता म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. भात शिजायला वेळ आहे, असं सांगावं तसा. मग ओठ गेले. ओल्या रेघा गेल्या. काळा सगळीकडून धावून आला आणि त्याने पोराचं तोंड बुजवून टाकलं. तिने डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत बघत राहिली.

"नाही आलं हो," ती म्हणाली. "काळंच झालं सगळं."

"अगदीच काही नाही?"

"काही नाही."

"आणि बोट?"

"बोट आली आहे," विनीता म्हणाली. "छान आली आहे."

दिलीपने माझी कड सोडली. 

"हसत होता ना गं?"

"हसत होता. तुम्हाला बघून हसला."

"बरं," दिलीप म्हणाला आणि चाचपडत दार उघडून बाहेर गेला.

त्याचा विश्वास बसला का? मला नाही वाटत. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि तिनेही काढला नाही. संध्याकाळी दोघं शेजारी बसून चहा पितात आणि एकमेकांशी औषधांच्या वेळांपलीकडे बोलत नाहीत. एन्लार्जर कुणीतरी घेऊन गेलं. विरजणाची बाटली विनीताने ओतून टाकली. आता दिलीपला दारही हाताने चाचपावं लागतं. मी पुन्हा अंधारात पडून आहे. माझ्यात काही ठेवत नाहीत. चपलाही नाहीत.

विनीताने चूक केली की बरोबर, ते मला ठरवता येत नाही. मी आपला पत्र्याचा ट्रे. कधी तिचा राग येतो, कधी वाटतं, तीस वर्षं ते तोंड ती एकटी उराशी धरून बसली आहे, तिला तरी कुणी विचारलं? पण एक मात्र मला पक्कं कळलं आहे. जे तोंड तेव्हा, उघड्या डोळ्यांनी, दोन पावलांवरून बघता आलं असतं, ते मागाहून कुठल्याही औषधाने, कुठल्याही कागदावर हाती लागत नाही.

माझी कसली काळजी करू नका, मित्रांनो. माझं आयुष्य झालं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कॅमेरे येतील, तुमच्याही मागे नव्या रंगाच्या बोटी उभ्या राहतील. तेव्हा आपल्या माणसाला आधी उजेडात घ्या आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघा. आणि ते रडत असेल, तर कॅमेरा खाली ठेवा.